खाटेची नवार

आई : मी चालत जातो.

आप्पा : नऊ मैल?

आई : नऊ मैल. झपाझपा गेलो तर दुपारपातूर पोचतो.

आप्पा : दुपारपातूर! अगं, सुरेखाच्या सासरचा गुंडू सायकल हाणत एवढ्या लांबनं आला, काय सांगून गेला ते ऐकलंस का न्हाय? डाक्टर अकरापातूर थांबणार. अकरा! आता साडेनऊ झाल्यात.

त्रिशला : नऊ सदतीस.

आप्पा : तू गप.

त्रिशला : तुमच्याच मनगटावरचं वाचून सांगितलं, आप्पा. मी काही मनचं सांगत नाही.

आई : एस्टी?

त्रिशला : आठची गेली. पुढची बाराला. मी रोज त्याच एस्टीनं शाळेला जाते, मला पाठ आहे. त्यात आज रविवार. रविवारी बाराची कधीकधी येतच नाही.

आई : मग बैलगाडी जुपा.

आप्पा : घ्या! थोरली लेक तिकडं कोल्हापुरात इस्पितळात कळा देतीया, आन् ही म्हणतीया बैलगाडी जुपा. आठवा म्हैना हाय सुरेखाला. मूल आडवं आलंय. पोट फाडून काढायचं म्हणत्यात. आन् ती पोरगी काय म्हणतीया?

आई : म्हाईत हाय मला काय म्हणतीया.

आप्पा : म्हाईत हाय तर चढ की जीपमदी!

त्रिशला : 'आई आल्याबिगार मला हात लावायचा न्हाय.' गुंडूनं अगदी ताईच्या आवाजात सांगितलं. म्हणाला, खाटेची दांडी अशी घट्ट धरलीय तिनं, दोन नर्सा लागल्या तरी मूठ सुटेना. सासूबाई समजावून थकल्या, दाजी तर रडायलाच लागले…

आई : नगं गं. सांगू नगंस परत परत.

त्रिशला : मग चढ ना आई! हा बघ, माझ्या खांद्यावर हात ठेव. डावा पाय आधी.

आई : उचलंना.

आप्पा : काय उचलंना?

आई : पाय. मी उचलतोय, पाय उचलंना.

आप्पा : आठ म्हैनं झालं जीपमदनं पडलीस त्याला. खुब्याचं हाड जुळलं, चालतीस, विहिरीचं पाणी आणतीस. लेकीच्या डोहाळजेवणाला आली न्हाईस, मी काय बोललो? चुलत घरचं लगीन बुडालं, बोललो? पर आज न्हाय चालायचं. आज उचलून टाकीन बघ.

आई : टाका. परत भाईर पडंन.

त्रिशला : नाही पडणार! आप्पा, तुम्ही दोन मिनिटं बाजूला व्हा. मी समजावते. मला वक्तृत्वात दुसरा नंबर आहे.

आप्पा : पयला का न्हाय आला?

त्रिशला : ते नंतर. आई, हे बघ. सीटखालनं काय काढते बघ. डोळे उघड की! ही अशी पाठीमागनं येते, अशी कंबरेवरनं, आणि ही पितळी चिमटी. खट्. बसली. आता जीपनं कोलांटी मारली तरी तू जागच्या जागी.

आई : ही नवार कुठली गं?

त्रिशला : कुठली का असेना.

आई : ही माझ्या खाटंची नवार हाय.

त्रिशला : होती.

आई : तीन म्हैनं त्या खाटंवर उताणा पडून हुतो मी. धागा न् धागा वळखतो. त्रिशले, खाट उसवलीस?

त्रिशला : माळ्यावर टाकलेली तर होती! तूच म्हणालीस ना, ही खाट माझ्या नजरेसमोर नको म्हणून? ताईच्या डोहाळजेवणाला तू आली नाहीस ना, त्याच दिवशी ठरवलं मी. म्हटलं बाळंतपणाला हिला न्यायचीच. चार दिवस लागले. दाभणानं बोटं बघ कशी झालीत. चिमटी सर्जा बैलाच्या घुंगुरपट्ट्याची आहे.

आप्पा : तरीच! सर्जाच्या गळ्यात सुतळी कशी आली म्हणतोय मी दोन दिस!

त्रिशला : सर्जाची काही तक्रार नाही. आई, ऐक. उजळाईवाडीला विमान बघायला सहल गेली होती की नाही आमची? तिथं विमानात बसवलं आम्हाला. उडवलं नाही, नुसतं बसवलं. तर प्रत्येक खुर्चीला पट्टा! मी सरळ साहेबांनाच विचारलं, हा कशाला? बाकी पोरी बघतच राहिल्या. साहेब म्हणाले, विमान हललं तरी माणूस हलू नये म्हणून. मी म्हटलं, आमची जीप जमिनीवर असून विमानापेक्षा जास्त हलते, तिला का नाही? तर हसले. म्हटलं मीच करते.

आई : जित्या माणसाला बांधत न्हाईत गं पोरी. बांधून काय न्हेत्यात तुला ठावं न्हाय.

त्रिशला : ठाऊक आहे. पण आप्पा रोज सकाळी फेटा बांधतात, काय झालं त्यांना? पहिलवान लंगोट बांधतो. कामाला जाणारी बाई पोर पाठीला बांधते. सगळी जितीच माणसं.

आप्पा : फेटा निराळा. आन् गावातनं जायाचं हाय. बायकोला दाव्याला बांधल्यागत न्हेताना बघून लोक काय म्हणतील? तवनाप्पाची बायकू पळून चाललीती, आवळून आणली!

त्रिशला : म्हणू देत. आपण परत येऊन सांगू.

आप्पा : काय सांगू?

त्रिशला : की बाळ झालं.

आप्पा : …व्हय. बांध.

आई : थांबा. थांबा जरा. मी घटकाभर…

त्रिशला : नऊ बेचाळीस. बरं, आप्पा, अजून एक. जीपचा स्वतःचा पट्टा होता ना दाराच्या जागेला? मिलिट्रीचाच, हिरवा. तो तुटला म्हणून आई पडली. त्याचा तुकडा द्या, मी वरनं आडवा शिवून टाकते. दोन दोन पट्टे झाले की हिला धीर येईल.

आप्पा : टाकला तो.

त्रिशला : कुठं?

आप्पा : कुठंतरी. तुटका पट्टा काय देव्हाऱ्यात ठेवायचा?

त्रिशला : पण या दोन्ही कड्या बघा की. धड आहेत. आकड्याचा तुकडासुद्धा राहिला नाही कडीत. पट्टा तुटला तर आकडा मागं राहील ना? हा तर आकड्यासकट गेलाय.

आप्पा : शाळंत वकिली शिकवत्यात व्हय तुमाला?

त्रिशला : नाही, सृष्टिविज्ञान.

आई : सोड गं. तुटला न्हवं? तुटला. इषय संपला.

त्रिशला : पण कसा तुटला? मधनं की शिवणीला?

आई : त्रिशले, म्हटलं न्हवं सोड.

आप्पा : तुटला न्हाय.

त्रिशला : काय?

आप्पा : तुटला न्हाय म्हटलं. मी काढलेला. आदल्या दिशी शाहूपुरीला गूळ न्ह्यायचा हुता. ढेपा बांधायला दोर कमी पडला. म्हटलं ह्यो पट्टा झक्कास हाय. काढला, ढेपा आवळल्या. अडत्याच्या वखारीत ढेपांसंगट उतरला, तिथंच ऱ्हायला. म्हटलं उद्या आणू. दुसऱ्या दिशी तू बसलीस शेजारी.

त्रिशला : आप्पा!

आप्पा : सगळ्या गावाला सांगितलं पट्टा तुटला. बेळगावच्या लिलावातली गाडी, जुना माल, कुजका पट्टा. माझ्या दादालाबी हेच सांगितलं. तोंडातनं एकदा गेलं, मग गेलंच. तुज्या खाटंजवळ बसून सुदिक हेच सांगत हुतो.

आई : ढेपा पोचल्या न्हवं धड?

आप्पा : …पोचल्या.

आई : मग झालं.

आप्पा : शिव्या दे. पोरीसमोर दे, चालंल. पर 'मग झालं' म्हणून सोडू नगंस. माझ्यापायी पडलीस तू.

आई : तुमच्यापायी न्हाय.

आप्पा : पट्टा मी काढला म्हणतोय न्हवं?

आई : पट्टा न्हवता, पर धरायला दांडी हुती. मी धरली हुती की. घराफुडनं निघालो तवापास्नं धरली हुती.

त्रिशला : मग?

आई : सोडली.

आप्पा : सोडली? वळणावर?

आई : वळणावरच. बस्तीच्या कट्ट्यावर थोरलं भावजी बसलं हुतं. बस्तीत देवदर्शन करून रोज बसत्यात तसं. गाडी वळली, वारं आलं, पदर डोक्यावरनं पार खांद्यावर. थोरल्या दिरासमोर बोडकी! हातांनी मला इचारलंबी न्हाय. दोनी हात पदराला गेलं. मग काय झालं ते तुमीच बघितलासा.

त्रिशला : एका हातानं घ्यायचा ना गं पदर!

आई : वाऱ्यात एका हातानं पदर ऱ्हातो व्हय? तुला काय म्हाईत, दोन वेण्या आन् रिबिनी घालून हिंडणारीला.

आप्पा : आठ म्हैनं तू ह्ये सांगितलं न्हाईस?

आई : कुणाला सांगू? पदरापायी पडलो म्हणू? भावजींच्या कानावर गेलं असतं, तर म्हणालं असतं माज्यापायी मोडली बाई. त्यांनी बस्तीत यायचं सोडलं असतं. तुमी म्हणालासा पट्टा तुटला. मला बरं वाटलं. म्हटलं जाऊ दे सगळं त्या पट्ट्यावर.

त्रिशला : अरे देवा! म्हणजे तो बिचारा पट्टा तुटला नव्हता, जागेवरसुद्धा नव्हता, गुळाच्या वखारीत बसला होता, आणि तुम्ही दोघांनी आठ महिने त्याच्यावर…

आप्पा : गप गं तू!

आई : बोलू दे तिला. खरं हाय.

आप्पा : मग आता कशाला भितीस? दांडी सोडू नगंस, झालं.

आई : आवो, तीच तर भीती हाय मला! गाडीला न्हाय भीत मी. हातांना भीतो. आता निघालो की तेच वळण. तोच कट्टा. भावजी तिथंच असणार. हात परत जाणार. मी न्हाय म्हटलं तरी जाणार, पंचवीस वर्साची सवय हाय त्यांना. आन् आज पडलो तर सुरेखाकडं कोण जाणार?

आप्पा : मी म्होरं पळत जाऊन दादाला सांगतो. म्हणतो, जरा घटकाभर आत जाऊन बस.

आई : थोरल्या भावाला ऊठ म्हणणार? माज्यापायी? त्यापरीस मी पडलेलं बरं.

आप्पा : मळ्याच्या वाटंनं न्हेतो मग.

त्रिशला : मळ्याच्या वाटेवर पाटाचं पाणी फुटलंय. परवा सायकल रुतली तिथं माझी. जीप गेली तर उद्या निघेल. आई, पण अगं, तुझ्या लक्षात नाही का आलं?

आई : काय?

त्रिशला : नवार कंबरेला आहे! हाताला नाही! जाऊ देत की हात कुठं जायचेत ते. दोन्ही जाऊ देत. पदर घे, पिना लाव, टाळ्या वाजव. तुला धरायचं काम तुझ्या हाताकडं नाहीच मुळी. साहेब म्हणाले, विमानात लोक पट्टा बांधून हातानं चहा पितात.

आई : वर आभाळात?

त्रिशला : वर आभाळात. कपबशीनं.

आई : …ओढून बघू.

त्रिशला : ओढ. अजून ओढ. मी आणि शेजारची त्रिवेणी दोघी लोंबकळलोय तिला, काही झालं नाही.

आई : किती वाजलं?

आप्पा : पावणेदा वाजून गेलं.

आई : तुमी तिकडं तोंड करा. लुगड्याचा घोळ सावरून चढायचं हाय मला.

आप्पा : केलं. केलं तोंड. चढ.

त्रिशला : उजवा हात दांडीला… हां… पाय… चढली! आप्पा, चढली! आता बघा इकडं.

आई : वराडू नगंस. बांध लौकर. इच्यार बदलंल माझा.

त्रिशला : ही अशी. श्वास घे. लागतंय?

आई : सैल हाय.

त्रिशला : आता?

आई : आजून आवळ. बाळंतिणीचं पोट बांधत्यात तसं. तुज्या येळंला आज्जीनं पाय लावून आवळलेलं. जितीच हुतो की मी तवा. माझं मलाच ध्यानात आलं न्हाय बघ मगाशी.

त्रिशला : खट्! बसली चिमटी.

आई : आन् तुमी?

आप्पा : मी काय?

आई : तुमाला कुठाय नवार?

आप्पा : मी चालीवतोय. मला धरायला स्टेरिंग हाय.

आई : मला दांडी हुती.

आप्पा : अगं, डायवर बांधून बसलेला बघितलायस कधी? उद्या तालमीत तोंड दाखवायची सोय न्हाय ऱ्हायची.

आई : तुमी पडलासा तर गाडी कोण थांबवणार? ही बांधलेली बाई गाडीसंगट नदीत जायाची व्हय?

त्रिशला : आप्पा, तुमच्यासाठी केलीय. खाट मोठी होती.

आप्पा : …फेट्याला धक्का लावू नगंस. खालनंच बांध. आन् वर उपरणं टाक. दिसाय नगं.

आई : आन् तू गं?

त्रिशला : मी मागं. या लोखंडाला माझी तिसरी आहे.

आई : म्हंजे आख्खी खाट उसवलीस?

त्रिशला : आख्खी.

(जीप सुरू होते.)

आप्पा : हळू घेतो. अगदी हळू. बैल चालतो तसं.

आई : बोलू नगा. म्होरं बघा.

त्रिशला : पाटलांची सून बघतीय… तिनं कोपरानं सासूला ढोसलं. बघा, बघा! नमस्कार करू का?

आई : त्रिशले, भावजी हाईत का कट्ट्यावर? मी डोळं मिटल्यात.

त्रिशला : आहेत. काठी टेकून बसलेत.

आप्पा : वळतोय आता. सांभाळ.

त्रिशला : उठले. उभे राहिले काका. आप्पा, ते हात करतायत. थांबा म्हणतायत!

आप्पा : दादा हात करतोय म्हंजे थांबावं लागंल. त्याला कळलं असंल सुरेखाचं. इचारपूस करायला थांबवत असंल.

आई : किती वाजलं?

त्रिशला : दहाला दोन मिनिटं.

आई : थांबू नगा.

आप्पा : अगं, थोरला भाऊ हाय माझा. भर रस्त्यात हात करतोय, आन् मी नाकाम्होरनं गाडी काढू?

आई : उद्या मी पाया पडंन त्यांच्या. दोनदा पडंन. आज थांबू नगा.

त्रिशला : वळली! आई, पदर! दोन्ही हात डोक्यावर तुझे! दांडी सोडलीस!

आई : हात गेलं! म्हटलं हुतं न्हवं जाणार, गेलं, गेलं!

त्रिशला : पण तू आहेस! आई, तू आहेस जागेवर! नवार ताणली, करकरली, पण धरली! डोळे उघड!

आप्पा : अगं, बोल की! हाईस न्हवं?

आई : …हाय.

आप्पा : लागलं?

आई : पोटाला जरा काचलं. भावजी काय करत्यात?

त्रिशला : उभेच आहेत. आता हात खाली घेतला. आता… काठी वर करून हलवतायत. जा, जा म्हणतायत बहुतेक. तोंड काही रागाचं नाही.

आप्पा : कसं कळतंय तुला एवढ्या लांबनं?

त्रिशला : मला कळतं.

आई : पदर हाय डोक्यावर?

त्रिशला : आहे. बसल्या जागेवर आहेस, आणि पदरही आहे. आप्पा, दहा वाजले बरोबर. आता मैलाचे दगड मी मोजते.

आप्पा : मोज, पर मनात मोज.

त्रिशला : एक झाला… आप्पा, बोलू?

आप्पा : न्हाय म्हटलं तर ऱ्हाणार हाईस?

त्रिशला : आपल्याला सायकल मागं टाकून गेली. वर तिच्या कॅरिअरवर चाऱ्याचा भारा होता.

आप्पा : जाऊ दे. मला घाई न्हाय.

त्रिशला : आपल्याला आहे की!

आप्पा : खड्डं बघतोय मी. एकदा पाडलीया. दुसऱ्यांदा पाडणार न्हाय.

त्रिशला : तीन मैल झाले. दहा चोवीस. म्हणजे मैलाला आठ मिनिटं. राहिले सहा. सहा आठे अठ्ठेचाळीस. आपण पोचणार अकरा वाजून बारा मिनिटांनी, आणि ते इस्पितळाच्या फाटकाशी. ताई वरच्या मजल्यावर आहे. जिना धरलेला नाही मी.

आप्पा : बरोबर केलंस न्हवं गणित?

त्रिशला : दोनदा केलं.

आप्पा : डाक्टर थांबंल की बारा मिंटं.

त्रिशला : डॉक्टर थांबतील. बाळ थांबेल का?

आई : आवो.

आप्पा : काय? काचतंय? सैल करू? थांबवू गाडी?

आई : थांबवू नगा. जरा जोरात घ्या की.

आप्पा : जोरात? तुला भ्या न्हाय वाटत?

आई : वाटतंय. सुरेखालाबी वाटत असंल.